मदत हवी आहे: गुळाची चव-चाचणी घेतली, पण वर्गातली सगळी मुलं ८ नाहीतर ९ गुण देतात

शेवंती (रविवार, रात्री ९:१०)

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरच्या बाजूला एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला फूड सायन्स शिकवते. वर्गात ३६ मुलं-मुली आहेत. निम्म्याहून जास्त ऊसवाल्यांच्या घरची, दोघांची तर स्वतःची गुऱ्हाळं. त्यामुळे पदार्थाची पारख नाक, डोळे, जीभ वापरून कशी करतात हा भाग आला तेव्हा बिस्किटं-सरबतं सोडून मी सरळ गूळच घेतला. म्हटलं, यात पोरं माझ्यापेक्षा हुशार निघतील.

दोन ताटल्यांत दोन गूळ ठेवले. एक तांबूस-काळपट, भेंडीचं पाणी घालून मळी काढलेला, बिनरसायनाचा. दुसरा पिवळाधमक, हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवायचं रसायन) मारलेला, बाजारात उचलला जातो तसा. ताटल्यांवर 'अ' आणि 'ब' लिहिलं, नऊ पायऱ्यांची आवड-निवड पट्टी वाटली (१ म्हणजे अजिबात नावडलं, ९ म्हणजे फारच आवडलं) आणि शेवटी 'कारण लिहा' असा रकाना.

३६ पैकी ३१ जणांनी दोन्हींना ८ किंवा ९ दिले. कारणांच्या रकान्यात 'छान', 'मस्त', 'गोड'. गूळ गोड! मी धन्य झाले. एका मुलीला बाजूला घेऊन विचारलं, अगं दोन्हींना ९ कसे? तर म्हणाली, "मॅडम, अन्नाला नावं ठेवू नयेत, आई रागावते." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण माझीही आई हेच सांगत आली.

उरलेल्या पाचांचं वेगळंच. पुढच्या बाकावरचा एक जण तोंडात खडा टाकताच ओरडला, "ह्यो आमचाच गूळ हाय!" झालं. तो बाक आणि मागचा बाक, दोघांचं त्या ताटलीवर एकमत.

प्रात्यक्षिक पुन्हा घ्यायचंय, पुढच्या गुरुवारी. प्रयोगशाळा म्हणजे दोन लांब टेबलं आणि एक बेसिन, खर्चाला पाचशे रुपये. मुलांना खरं बोलतं कसं करू? आणि रंगाचं काय करू? पिवळा दिसला की हात तिकडेच जातो.

पैलतीर (रविवार, रात्री १०:४५)

ताई, मी नेदरलँड्समध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीत हेच काम करतो. चूक मुलांची नाही, आखणीची आहे (रागावू नका, माझ्या पहिल्या चाचणीत मीही हेच केलं होतं). तुम्ही एका ताटलीत दोन प्रश्न वाढलेत. 'फरक कळतो का?' हा एक आणि 'आवडलं का?' हा दुसरा. दुसऱ्यात मन, घर, आई सगळं येतं. पहिल्यात येत नाही. पहिला आधी घ्या.

त्यासाठी तीन वाट्यांची चाचणी करा, इंग्रजीत हिला ट्रँगल टेस्ट म्हणतात. प्रत्येकासमोर तीन वाट्या, दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी कोणती एवढंच सांगायचं. माहीत नसेल तरी एक निवडायचीच, 'कळत नाही' चालत नाही. इथे नावं ठेवायचा प्रश्नच येत नाही, म्हणून लाजरी मुलंही उत्तर देतात.

'अ' आणि 'ब' तर आजच पुसून टाका. 'अ' म्हणजे पहिला नंबर हे पहिलीपासून डोक्यात बसलेलं असतं. तीन आकडी आडवेतिडवे क्रमांक द्या, ४७२, ८१५, २३९ असे. मांडायचे क्रम सहाच होतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. तुमची मुलं ३६, म्हणजे प्रत्येक क्रम बरोब्बर सहा जणांना. नशीबवान आहात, माझ्याकडे नेहमी ३५ यायचे.

डोळे मिटून ठोकलं तरी तिघांतला एक बरोबर येतो, म्हणजे ३६ मध्ये १२ फुकटचे. फरक खरोखर कळतोय असं ५ टक्के पातळीवर (म्हणजे नुसत्या नशिबाने तसं घडायची शक्यता ५ टक्क्यांच्या आत) म्हणायला किमान १८ बरोबर हवेत. ३० जण आले तर १५, २४ आले तर १३. आणि १८ पेक्षा कमी आले म्हणून 'दोन्ही गूळ सारखेच' असं फळ्यावर लिहू नका. फरक सापडला नाही, एवढंच.

ताकपिता (रविवार, रात्री ११:०२)

डोळ्यांवर पट्टी बांधा की सरळ. मामला खतम.

पैलतीर (रविवार, रात्री ११:२०)

३६ जणांना पट्टी बांधून द्रव पाजलात तर प्रयोगशाळेत मुंग्यांची यात्रा भरेल. खोलीत लाल उजेड करा. आमच्याकडे त्यासाठी लाल दिवे असतात. तुम्ही ट्यूबलाइटवर आणि खिडकीवर लाल जिलेटिन कागद लावा, गॅदरिंगला लावतात तोच, दुहेरी. आणि गूळ खडा म्हणून देऊ नका. १०० मिली कोमट पाण्यात १० ग्रॅम विरघळवा, फडक्यातून गाळा, गार करा, एकसारख्या स्टीलच्या वाट्यांत २५-२५ मिली ओता. स्टील आणि लाल उजेड एकत्र आले की रंग जवळजवळ मरतो. ३६ जणांच्या १०८ वाट्या होतात, त्यातल्या ५४ एका गुळाच्या आणि ५४ दुसऱ्याच्या. प्रत्येकी दीड लिटर पाणी केलं की सांडलवंडीसकट पुरतं. गूळ दीडशे-दीडशे ग्रॅम. पाचशे रुपयांत जिलेटिन धरून बसतं.

क्रमांक वाटीच्या बाहेरच्या अंगाला चिकटपट्टीवर लिहा. यादी फक्त तुमच्याजवळ, आणि वाट्या मांडणारी व्यक्ती वाढायला नको. मांडणाऱ्याचे डोळे बोलतात.

उंबरठा (सोमवार, सकाळी ७:३०)

शेवंती, गुरुवार नको गं. मार्गशीर्ष चालू आहे, निम्म्या मुलींना उपवास असेल. गूळ चालेल एखादीला, पण मध्ये तोंड साफ करायला पोळी-चुरमुरे देशील ते चालणार नाहीत. बुधवारी घे, सकाळी अकराच्या सुमाराला, डब्याच्या आधी. पोटात अन्न असलं की जीभ आळसावते. कुणाला मधुमेह आहे का तेही आधी विचारून ठेव.

आता तुझा खरा प्रश्न. 'अन्नाला नावं ठेवू नयेत' म्हणणाऱ्याच आया दिवसातून चार वेळा तळहातावर आमटीचे दोन थेंब घेऊन 'मीठ बघ गं' म्हणतात. नैवेद्याचा स्वयंपाक तर चाखायचाच नसतो. माझ्या सासूबाई कढीवर वाकून नुसत्या वासावर सांगायच्या, मीठ घालायचं राहिलंय. ते नावं ठेवणं नव्हतं. नावं ठेवणं म्हणजे ताटावर बसून वाढणाऱ्याला हिणवणं. पारख करणारा तयारीच्या बाजूला, चुलीशी बसलेला असतो. मुलांना सांग, आज तुम्ही पाहुणे नाही, आचारी आहात.

आणि गुण मागूच नकोस. तीन-चार नमुने दे आणि क्रम लावायला सांग. क्रम लावताना कुणालातरी शेवटी बसवावंच लागतं. नापास करायचं पाप डोक्यावर येत नाही.

शेवंती (सोमवार, दुपारी १:१५)

उंबरठाताई, आचाऱ्याची गोष्ट आजच वर्गात सांगितली. हसली पोरं, पण कुठेतरी लागलं असं वाटलं. बुधवार नक्की केला.

शब्दांचं काय करू? 'छान-मस्त-गोड'च्या पलीकडे नेणं मला सगळ्यात अवघड जातंय. पाठ्यपुस्तकात पोत, गंध, स्वाद असे शब्द आहेत. परीक्षेत लिहितात आणि विसरतात.

सायभात (सोमवार, दुपारी ३:४०)

मी दूध संघाच्या संकलन केंद्रावर तीस वर्षं काढली. आमच्याकडे कॅन आला की आधी झाकण उघडून नाक लावायचं. फॅट-एसएनएफचं (स्निग्धांश आणि बाकीचे घनपदार्थ मोजायचं) यंत्र नंतर. कच्चं दूध तोंडात घालत नाही, नाकावरच बहुतेक निकाल लागतो. आंबूस, पाल्याचा वास, गोठ्याचा वास, नीट न धुतलेल्या कॅनचा वास, प्रत्येकाला आमच्यात नाव होतं. नवा पोरगा यायचा तो पहिला महिना 'वास येतोय' एवढंच म्हणायचा. मग आम्ही त्याला मुद्दाम बिघडलेलं हुंगायला लावायचो. चांगल्या दुधावर कुणी शिकत नाही, मॅडम. दोष दाखवा.

वर्गात करता येण्यासारखं सांगतो. चिवडा दोन दिवस उघडा ठेवा, तो *सादळलेला*. दाण्याचं जुनं कूट हुंगायला द्या, गिळायला नको, ते *खवट*. जरा जास्त तापलेल्या तव्यावर भाजलेला रवा *करपट*, बेतात भाजलेला *खमंग*. मीठ न घातलेला भात *अळणी*. विहिरीचं पाणी *मचूळ*. प्रत्येक शब्दाला एक घास किंवा एक वास जोडून द्या. पुन्हा विसरणार नाहीत. पितळेच्या भांड्यात *कळकलेलं* ताक मात्र तोंडी सांगा, चाखवायला जाऊ नका.

उंबरठा (सोमवार, संध्याकाळी ५:०५)

सायभातकाका, पोताचे राहिले! कुरकुरीत आणि खुसखुशीत यांतला फरक विचार पोरांना. चकली कुरकुरीत, करंजी खुसखुशीत. उलटं झालं की दोन्ही बिघडल्या. वातड, चामट, भगराळ, रवाळ, गिजगिजीत, पिठूळ, निबर, लुसलुशीत. हे त्यांना येतात, फक्त 'प्रात्यक्षिकाच्या वहीत चालतील का' याची भीती असते. चालतील म्हणून सांग.

पैलतीर (सोमवार, संध्याकाळी ६:३०)

पोताचे शब्द गुळाच्या पाण्यावर वापरता येणार नाहीत, म्हणून वर्णनाचा भाग वेगळ्या दिवशी, खड्यांवर घ्या. आणि एक छोटा खेळ आधी नक्की करा. नाक घट्ट चिमटीत धरून गुळाचा खडा चघळायचा, दहा आकडे मोजायचे, मग नाक सोडायचं. धरलेलं असतं तोवर नुसतं गोड. सोडलं की गूळ 'गूळ' होतो. स्वाद बराचसा नाकात असतो हे त्यानंतर सांगावं लागत नाही.

जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू, असा नकाशा तुमच्या पुस्तकात असेल तर त्यावर काट मारा. १९०१ च्या एका जर्मन निबंधाचा चुकीचा अर्थ लागून तो पसरला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, थोडं उणं-अधिक.

शेवंती (सोमवार, रात्री ९:२०)

आहे नकाशा, भिंतीवर तक्ताही आहे! उद्या उतरवते. आणखी एक गोंधळ म्हणजे आयुर्वेदातले सहा रस. एक मुलगा म्हणाला, कटू म्हणजे कडू. मी हो म्हणून पुढे गेले आणि घरी येऊन बघितलं तर तिथे कटू म्हणजे तिखट, आणि कडू म्हणजे तिक्त. आता दुरुस्ती करायची आहे. शिवाय तिखट ही चव नव्हे, मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णतेच्या आणि वेदनेच्या संवेदकाला चाळवतं, हे पण सांगायचंय. (तो संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं.) कोल्हापुरात उभं राहून 'तिखट ही चव नाही' म्हणायला जिगर लागते पण.

चिपाड (सोमवार, रात्री १०:५०)

आमचं गुऱ्हाळ आहे म्हणून लिहितो. वर्गाला एकदा गुऱ्हाळावर न्या. काहिलीपाशी (रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी) गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, उभा असतो तो बघू द्या. पाक फसफसून वर येतो, बुडबुडे बारीक होतात, तसा तो काठीने जरासा पाक उचलून गार पाण्याच्या भांड्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो आणि भांड्याच्या कडेवर मारतो. टण्ण वाजली की "उतरवा!" थर्मामीटर लावला तर ११८ अंशांच्या आसपास दिसतं, पण आमचा गुळव्या त्याकडे बघत पण नाही. दोन मिनिटं उशीर झाला तर करपट, आधी उतरवला तर गूळ बसत नाही.

आणि रंगाचं म्हणाल तर पिवळा गूळ ठेवून बघा काही महिने. हायड्रॉसचा पिवळेपणा उतरतो, काळवंडतो. दुसरं, तुमचे दोन गूळ कुठल्या रानातले ते विचारा. क्षारपड रानातल्या उसाचा गूळ खारवट लागतो. तुमच्या पोरांना फरक कळला तर तो रसायनाचा की जमिनीचा, हे कसं सांगणार? एकाच फडातल्या ऊसाचे दोन्ही करून मागा. तुमच्या दोन पोरांच्या घरी गुऱ्हाळ आहे म्हणता, सहज करून देतील.

पैलतीर (सोमवार, रात्री ११:१५)

चिपाड यांनी माझ्या नोकरीची लाज काढली. अगदी बरोबर. मला आधी सुचायला हवं होतं.

शेवंती (मंगळवार, संध्याकाळी ७:५०)

थोडक्यात कळवते. एका मुलाच्या वडिलांनी एकाच रसाच्या दोन भेल्या पाठवल्या, एक साधी, एक हायड्रॉसची. पोराने पिशवीवर कोणती कोणती ते लिहूनच आणलं होतं, मी आधी ती पिशवी बदलली.

आज सुट्टीत स्टाफरूममध्ये जिलेटिन लावून सहा जणांवर रंगीत तालीम घेतली (अक्षरशः रंगीत, सगळे लालभडक). सहापैकी दोघांचं बरोबर आलं, म्हणजे नशिबाने येतात तेवढेच. ज्या सरांनी काल 'पिवळा खाऊन बघा, चवच वेगळी' म्हणून मला ऐकवलं होतं, ते चुकलेल्या चौघांत. त्यांनी दिवा लावून पुन्हा मागितला. दिला नाही.

एकच अडचण उरली. १०८ सारख्या वाट्या नाहीत, ७० जमल्यात. १८-१८ च्या दोन तुकड्या केल्या तर एका तुकडीला ५४ वाट्या पुरतात, आणि सहा क्रम प्रत्येकी तिघांना येतात. पण मधल्या पंधरा मिनिटांत पहिली तुकडी बाहेर जाऊन दुसरीला सांगणार. तीन आकडी क्रमांक दुसऱ्या तुकडीला बदलून दिले तर चालेल ना, पैलतीर? की पहिल्या तुकडीला सरळ ग्रंथालयात कोंडू?

पैलतीर (मंगळवार, रात्री ८:०५)

क्रमांक बदला. आणि कोंडाही.