पाचवीच्या मुलीसाठी गणिताचा क्लास सुचवा (कोथरूड-कर्वेनगर, पुणे)

कर्वेनगरची_आई:
मुलगी पाचवीत, इंग्रजी माध्यम. वीसपर्यंत पाढे पाठ, नुसते आकडे दिले तर गुणाकार-भागाकार झटपट. शाब्दिक उदाहरण आलं की पेन्सिल खाली. "आई, गुणायचंय की भागायचंय एवढंच सांग, पुढचं मी करते." वर्गशिक्षिका म्हणतात कन्सेप्ट कच्चा आहे, क्लास लावा. डहाणूकर कॉलनी ते कर्वेनगर या पट्ट्यात कुणी चांगलं शिकवतं का? ॲबॅकस नको, त्यात दोन वर्षं गेली.

पेठेतला_बाबा:
क्लास ढीगभर आहेत, गल्लीत दोन. आमच्याकडे अप्पा बळवंत चौकातून वर्कबुकं आणून रोज दोन पानं, बास.

निवृत्त_मास्तर:
ताई, क्लास लावण्याआधी एक करून बघा. हे उदाहरण तिला मराठीत, तोंडी सांगा: एका खोक्यात 12 पेन्सिली, अशी 8 खोकी आणली. 15 पेन्सिली तुटक्या निघाल्या. उरलेल्या 9 मुलांत सारख्या वाटल्या. प्रत्येकाला किती? जमलं तर गणित कच्चं नाही, वाचन कच्चं आहे. चौथी-पाचवीत मूल अक्षरं वाचायला शिकत नसतं, वाचून कळून घ्यायला शिकत असतं, आणि शाब्दिक उदाहरण हा वाचनाचाच धडा आहे. आकड्यांवर बोट ठेवून झाका आणि विचारा, "काय झालं ते गोष्टीसारखं सांग." गोष्ट सांगता आली की क्रिया तिची तीच ठरवते.
आणखी एक. 1224 भागिले 12 करायला द्या. बरीच मुलं 12 लिहितात, मधलं शून्य खातात. "1200 रुपये 12 जणांत वाटले तर प्रत्येकी किती?" हे आधी विचारलं की 12 हे उत्तर तिचं तिलाच खटकेल.

पेठेतला_बाबा:
मास्तर, तोंडी मराठीत सांगायचं तर आमच्याकडे निराळीच पंचाईत. भाजीवाला एकोणसाठ म्हणाला की चिरंजीव माझ्या तोंडाकडे बघतात. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टऐवजी 'साठ तीन' छाप वाचन आणलं तेव्हा मीही शिव्या घातल्या होत्या. आता वाटतं, त्यात काहीतरी होतं.

निवृत्त_मास्तर:
एकोणसाठ कळायलाच हवं हो. पण ते बाजारात कळतं, पाठांतराने नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात वापरा, अपूर्णांकाची निम्मी भीती तिथेच जाते. आम्ही पावकी-दिडकी (पाव आणि दीडचे पाढे) घोकली, तुम्ही नाही घोकली तरी चालेल.
वाचनासाठी बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा, 1971 पासून निघतंय. जुने अंक नेटवर फुकट आहेत. एक पान वाचून झालं की दोन वाक्यांत सांगायला लावा. जास्त नको, कंटाळतात मुलं.

कर्वेनगरची_आई:
मास्तर, तुमचं पेन्सिलीचं उदाहरण ओट्याशी उभ्याउभ्या विचारलं. "96, मग 81, मग 9 आल्या. सोप्पं होतं!" तेच इंग्रजीत लिहून दिलं तर "equally म्हणजे सगळ्यांना 9 का?" 9 मुलांतला 9 दिसला, तेच उत्तर म्हणून सांगितलं; बरोबर निघालं तो योगायोग! क्लासवाल्यांना फोन करायचा सध्या थांबवलाय.
आता दशांश. 0.35 मोठा की 0.4? म्हणाली 0.35, कारण "पस्तीस चारपेक्षा जास्त".

निवृत्त_मास्तर:
सगळ्यांचं तसंच होतं. 35 पैसे की 40 पैसे, असं विचारा.

कर्वेनगरची_आई:
विचारलं. "पैसे म्हणजे? रुपयेच ना?" असं झालं.

पेठेतला_बाबा:
हाहा, यूपीआयची पिढी. मास्तर, दुसरं काही?

निवृत्त_मास्तर:
शिंप्याची टेप घ्या. 0.35 मीटर म्हणजे 35 सेंमी, 0.4 मीटर म्हणजे 40. दोन्ही फिती कापायला लावा आणि शेजारी ठेवा.