हिवाळाभर उभी गाडी: आधी बटण दाबायचं की आधी कार्ब्युरेटर खोलायचा?

पान्हा_बारा
तीन-चार महिने झाकून ठेवलेली मोटरसायकल बाहेर काढली आणि चालू झाली नाही, की पहिला सल्ला ठरलेला: "कार्ब्युरेटर साफ करून घे." माझं मत उलट आहे. कार्ब्युरेटर, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, खोलणं हे शेवटचं काम. गाडी बहुतेक वेळा दोनच गोष्टींवर अडते, बॅटरी आणि बाऊलमधलं, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं, शिळं पेट्रोल.

बॅटरी चार्जरवरून काढून काही तास झाले की मल्टीमीटर लावा. १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ च्या खाली असेल तर चार्जिंग हवंच, आणि १२ म्हणजे तळ गाठत आलाय. चार्जिंग क्षमतेच्या एक दशांशाने करा. ९ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर ०.९ अँपिअर, रात्रभर. त्यानंतर खरी परीक्षा: मीटर लावलेलाच ठेवून सेल्फ मारा. आकडा १० च्या खूप खाली कोसळला तर बॅटरी गेली, उभ्या-उभ्या १२.७ दाखवत असली तरी.

मग पेट्रोल. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करा, बाऊलच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि निघेल ते काचेच्या बरणीत घ्या. बाऊलला हवेची वाट असते, त्यामुळे पेट्रोलमधले हलके, चटकन पेटणारे घटक उडून जातात. मागे जे उरतं ते थंड इंजिनात पेटता पेटत नाही. स्क्रू आवळा, कॉक उघडा. व्हॅक्यूमवर चालणारा कॉक असेल तर "प्राइम"वर एखादं मिनिट ठेवा, कारण इंजिन फिरल्याशिवाय तो पेट्रोल सोडत नाही आणि रिकामा बाऊल सेल्फवर भरायचा म्हणजे बॅटरीचा जीव घेणं. टाकीत नवीन पेट्रोल घाला. स्टॅबिलायझर आता ओतून उपयोग नाही, तो ताज्या पेट्रोलात, गाडी ठेवण्याआधी घालायचा असतो.

चोक (थंड इंजिनाला पेट्रोल वाढवून देणारा) पूर्ण ओढा, ॲक्सिलरेटरला हात लावू नका. ५ सेकंद सेल्फ, २० सेकंद थांबा. असं पाच-सहा वेळा करून दाद दिली नाही तरच पुढचा विचार.

जेट_नंबर_३८
बॅटरीचं सगळं मान्य. बाऊल रिकामा केला म्हणजे काम झालं, हे मात्र अजिबात पटत नाही.

पायलट जेटचं, म्हणजे रेस न देता इंजिन मंद (आयडलला) चालताना पेट्रोल सोडणाऱ्या जेटचं, भोक साधारण ०.३५ ते ०.४५ मिलिमीटरचं असतं. पेट्रोल सुकताना चिकट थर सोडतं आणि तो थर पहिल्यांदा याच भोकात बसतो. तुम्ही बाऊल धुतलात, जेट तसाच राहिला. अशी गाडी चोकवर चालू होते, चोक ढकलला की बंद पडते. कारण सरळ आहे: चोकची पेट्रोलची वाट वेगळी, आयडलची वेगळी. मग लोक चोक ओढूनच दहा-पंधरा मिनिटं गाडी चालू ठेवतात. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं, स्पार्क प्लग काळा होतो, आणि दोष येतो "थंडीवर".

बरणीतलं पेट्रोल पिवळं-तपकिरी असेल, वॉर्निशसारखा वास येत असेल, तर तिथेच ठरवा: खोलायचा. जेट काढून उजेडासमोर धरा. भोक गोल दिसलं पाहिजे. चंद्रकोर दिसली तर जेट अर्धा बंद आहे. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग आयडल कधीच नीट बसत नाही. क्लीनर, नायलॉनचा धागा, दाबाची हवा, एवढंच. क्लीनर मारण्याआधी रबरी रिंगा काढून ठेवा, त्या फुगतात. आणि मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) काढण्याआधी तो आत टेकेपर्यंत किती वळसे जातो ते मोजून कागदावर लिहा. लक्षात राहील म्हणणाऱ्याच्या कधीच लक्षात राहत नाही.

पान्हा_बारा
एका सिलिंडरच्या गाडीला ठीक. चार कार्ब्युरेटरची रांग असेल तर? कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारी, थंडीत कडक झालेली रबरं ओढाओढीत फाटतात, मग तिथून हवा ओढली जाते आणि आधी नसलेला रोग नव्याने लागतो. त्याआधी ताज्या पेट्रोलात कार्ब्युरेटर क्लीनर मिसळून बाऊल भरा आणि रात्रभर मुरू द्या.

जेट_नंबर_३८
भोक अर्धवट बंद असेल तर मुरवून सुटतं. पूर्ण बंद असेल तर क्लीनर आत शिरणार कुठून? एक रात्र देऊन बघा, दुसऱ्या रात्रीची वाट बघू नका. आणि चारांची रांग काढलीत तर चौघं एकमेकांपासून सुटे करू नका. जागच्या जागी बाऊल उघडले तरी जेट निघतात.

धक्कास्टार्ट
एवढी यातायात करण्यापेक्षा हिवाळ्यात दर आठवड्याला दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवली तर हा धागाच लागला नसता. बॅटरी चार्ज, बाऊल ताजा, ऑइल सगळीकडे.

चौदा_व्होल्ट
हा सल्ला सगळ्यात जास्त दिला जातो आणि सगळ्यात जास्त नुकसान करतो.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. चांगल्या तापलेल्या इंजिनातून ते वाफ होऊन निघून जातं. गार गाडी दहा मिनिटं जागेवर चालवली की सिलिंडर हेड तापतं, खालचं ऑइल कोमटच राहतं. वाफ आतल्या आत थंड होऊन पाणी बनते. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला दुधी फेस दिसतो तो हाच. सायलेन्सरही आतून गंजतो. हे आठवड्याला एकदा म्हणजे हिवाळ्यात बारा-पंधरा वेळा. बॅटरीचं म्हणाल तर हेडलाइट ५५ वॉटचा, म्हणजे साडेचार अँपिअर तिथेच गेले. बऱ्याच गाड्यांचा आल्टरनेटर आयडलला जेमतेम तेवढंच देतो. वर सेल्फने खाल्लेलं वेगळं.

धक्कास्टार्ट
पाण्याचा मुद्दा घेतो. सेल्फचा हिशोब मात्र करून बघा. १०० अँपिअर, ३ सेकंद म्हणजे ०.०८ अँपिअर-अवर. ९ च्या बॅटरीत एक टक्कासुद्धा नाही. सेल्फने बॅटरी खाल्ली, हे भूत आहे.

चौदा_व्होल्ट
हिशोब बरोबर आहे, सेल्फचं वाक्य मागे घेतो. तरी आयडलला बॅटरीच्या टोकांवर मीटर लावा. १३ च्या वर जात नसेल तर तुम्ही चार्ज करत नाही आहात, फक्त पेट्रोल जाळताय. १३.८ ते १४.५ दिसायला बहुतेक गाड्यांना रेस द्यावी लागते.

जेट_नंबर_३८
बाऊल ताजा राहतो हा एकच खरा फायदा. तोच ठेवताना कॉक बंद करून बाऊल रिकामा केला की दोन मिनिटांत मिळतो.

इंजेक्शनवाला
कार्ब्युरेटरचं भांडण चालू द्या, पण इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाडीवाल्यांनी वरची कृती डोळे मिटून करू नये. चावी फिरवल्यावर पेट्रोलचा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो का ते ऐका. आवाजच नसेल तर आधी किल स्विच, मग फ्यूज, मग रिले. आवाज आहे, तर सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करा म्हणजे लाइनमध्ये दाब चढतो. पेट्रोलची लाइन बंदिस्त असल्यामुळे शिळेपणा इथे कमी नडतो, बॅटरी जास्त नडते. सेल्फ मारताना व्होल्टेज फार पडलं की इंजिन सांभाळणारं कंट्रोल युनिटच झोपतं, इंजिन फिरतं पण ठिणगी नाही. बॅटरी पार मेली असेल तर धक्का मारून काही होत नाही, पंप चालणार कशावर?

प्लग ओले झाले असतील तर बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सेल्फ मारला की इंजेक्टर बंद राहतात आणि सिलिंडर सुकतो. कार्ब्युरेटरवर चोक ओढून हाच प्रयोग केलात तर चोकचं ओढणं मरतं आणि काहीच हाती लागत नाही.

प्लगपान्हा
सगळे बटण कधी दाबायचं यावर भांडताय, दाबण्याआधी ऑइलचा वास कोणी घेतला का?

बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल आणि कॉक गळका असेल तर महिनोन्‌महिने थेंब-थेंब पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरतं, तिथून पिस्टनच्या रिंगांवाटे ऑइलमध्ये. सिलिंडर पेट्रोलने भरलेला असताना सेल्फ मारला तर पिस्टन द्रवावर आपटतो, द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून ऑइल फिलरचं झाकण उघडा. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी ठेवतानाच्यापेक्षा वर दिसली तर प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने फिरवा. भोकातून पेट्रोल उडालं तर सुईचा आणि कॉकचा इलाज आधी, मग ऑइल बदल, मग बटण.

प्लग काढलेला असताना सेल्फ मारायचाच असेल तर प्लग कॅपमध्ये लावून त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवून ठेवा, भोकापासून लांब. हवेत लोंबता ठेवलात तर इग्निशन जळू शकतं, भोकाजवळ ठेवलात तर वाफ पेटू शकते.

पान्हा_बारा
हे माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर हवं होतं. "आधी बटण" मागे घेतो: आधी ऑइलचं झाकण, मग बॅटरी, मग बाऊल. कार्ब्युरेटर तरीही शेवटीच.

कोरडा_सिलिंडर
प्लग काढलाच आहे तर ३ ते ५ मिली इंजिन ऑइल आत सोडा आणि चाकाने दोन-चार फेरे फिरवा. रिंगा कोरड्या फिरत नाहीत.

पान्हा_बारा
तीन-चार महिन्यांसाठी गरज नाही, भिंतीवरचं ऑइल इतक्यात उतरत नाही. वर्षभर उभी असेल तर जरूर. मोजून घाला पण, पाव वाटी ओतलीत तर वरचाच प्रकार ऑइलने होईल.

सायलेन्सर
चालू झाली. पहिला गिअर टाकला, क्लच दाबलेला असताना गाडी पुढे उडी मारून बंद. केबल ठीक आहे. खोलायचा का?

जेट_नंबर_३८
क्लच मी सुद्धा खोलणार नाही. ऑइलमधल्या प्लेटी उभ्या-उभ्या चिकटल्या आहेत. न्यूट्रलमध्ये इंजिन चांगलं तापू द्या, ऑइल पातळ होऊ द्या, मग बंद करा. तिसरा किंवा चौथा गिअर टाका, क्लच पूर्ण दाबून धरा आणि गाडी जोरात पुढे-मागे हलवा. एकदम सैल झाल्यासारखं लागलं की सुटल्या. आणि आधी पुढच्या ब्रेकची डिस्क पुसा, लिव्हर दाबून सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय ना ते बघा. नाहीतर चिकटलेला ब्रेक आणि चिकटलेला क्लच यात गल्लत होते.

सायलेन्सर
चौथ्यात सुटला. ब्रेकही थोडा धरत होता.