स्टँडवालं कव्हर: तुमचा फोन कशावर उभा असतो?

जाईजुई

माझं पारदर्शक कव्हर पार पिवळं पडलंय. नवं घेताना पाठीला स्टँड असलेलंच घ्यायचं ठरवलं आणि दुकानात जाऊन गोंधळून परत आले. मी घरी शिवणकाम करते. दोन्ही हात कापडात, समोर प्रिन्सेस कट ब्लाउजचा व्हिडिओ, आणि फोन रिळांच्या डब्याला टेकवलेला. मशीनने वेग घेतला की डबा सरकतो आणि फोन पालथा पडतो. एखाद्या बाईंचा व्हिडिओ कॉल आला की आणखी पंचाईत. त्यांना गळ्याचा आकार दाखवायचा तर एका हातात फोन, एका हातात कापड, मग टेप कुठल्या हाताने धरू?

दुकानात पाहिलेले प्रकार असे: बोट अडकवायची फिरती रिंग, पाठीतून बाहेर निघणारी पट्टी, कॅमेऱ्याभोवतीची चौकटच उलटून टेकू होते तो प्रकार, आणि चुंबकाने चिकटणारा सुटा स्टँड. शिवाय आपलं जुनं फ्लिप कव्हर आहेच.

तुम्ही कोणतं वापरता, फोन नेमका कशावर ठेवता, त्या वेळी हात कशात गुंतलेले असतात आणि आधी काय मोडलं, ते सांगा. "अमुक कंपनीचं घ्या, मस्त आहे" एवढ्यावर माझं भागणार नाही.

धा_तिरकिट

माझा तबल्याचा क्लास ऑनलाइन असतो. गुरुजी पुण्यात, मी बंगळुरूत. बैठक जमिनीवर, त्यामुळे फोनही खालीच. अशा वेळी सगळं कोनावर येतं. आधीचं कव्हर एकाच कोनात उघडायचं. टेबलावर ते छान होतं, पण जमिनीवरून गुरुजींना माझी हनुवटी आणि छताचा पंखा दिसे. हात दिसल्याशिवाय ते दुरुस्त तरी काय करणार? आता कडक बिजागरीची पट्टी आहे, जिथे सोडाल तिथे थांबते. फोन बुटक्या चौरंगावर, जवळजवळ ताठ.

दुसरा त्रास डग्ग्याचा. घुमारा लाकडातून चौरंगात जातो आणि फोन नकळत कडेला सरकत राहतो. खाली जुन्या माउसपॅडचा तुकडा टाकल्यापासून थांबला. तुमच्या मशीनलाही हे चालेल बहुतेक.

फोन आडवाच ठेवतो. गुरुजींची दोन्ही हातांची बोटं आडव्यातच नीट दिसतात.

काटकसर

प्लास्टिकचा घडीचा स्टँड पन्नास रुपयांत मिळतो. फोन बदलला तरी तो राहतो. स्टँडवालं कव्हर मात्र फोनबरोबर बाद होतं. पुढच्या मॉडेलचा कॅमेरा जरा इकडेतिकडे झाला की संपलं. कशाला एवढा विचार?

उंबरठा

काटकसर, एकाच जागी बसून फोन बघणाऱ्याला तुमचं म्हणणं पटेल. आमच्याकडे नाही जमलं.

माझे आईबाबा दोघेही कर्णबधिर आहेत. मी ऐकू शकते. त्यांच्यासाठी फोन करणं म्हणजे व्हिडिओ कॉलच. सांकेतिक भाषेत बोलायला दोन्ही हात लागतात, आणि चेहराही. भुवया उंचावल्या की तेच वाक्य प्रश्न होतं. एका हातात फोन धरला की उरलेल्या हाताने अर्धवट खुणा होतात आणि समोरच्याला सारखं "काय? काय?" विचारावं लागतं. बाबांना कॉल कुठेही येतो: बसस्टॉपच्या कट्ट्यावर, कारखान्यात जेवायच्या बाकावर, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत. सुटा स्टँड त्यांना घेऊन दिला होता. तो कायम दुसऱ्या शर्टाच्या खिशात असायचा.

त्यांच्या वापरातून कळलेल्या गोष्टी जरा सविस्तर लिहिते, कारण दुकानात हे कोणी विचारत नाही.

आमच्याकडे फोन उभाच लागतो. समोरच्याने फोन उभा धरला असेल आणि आपण आडवा ठेवला, तर तो मधल्या चिंचोळ्या पट्टीत दिसतो आणि त्याचे हात इवलेसे होतात. दोन्हीकडे उभा असला आणि माणूस दोन-तीन फूट मागे बसला की डोक्यापासून कमरेपर्यंत सगळं मावतं. पण बाजारातल्या बऱ्याच पट्ट्या फोन फक्त आडवा उभा करतात. खोक्यावरचं चित्रही आडव्याचंच असतं. दुकानात फोन घालून, उभा करून, पडद्याच्या वरच्या भागात बोटाने टकटक करून बघा. टेकू खाली असला तर फोन मागे कलंडतो. रिंग बरोबर मध्यावर असलेल्या कव्हरांचं हेच होतं. टेकू मध्याच्या वर पोचायला हवा.

चार्जिंगचं तर विचारूच नका. फोन उभा केला की पिनेची जागा नेमकी खाली येते. आई दोन जाड पुस्तकांमध्ये फट ठेवते, त्यावर फोन उभा करते आणि वायर फटीतून खाली सोडते. मावशीशी गप्पा सुरू झाल्या की ती दोन पुस्तकं लागतातच.

आणि खिडकीकडे पाठ करून बसू नका. चेहरा काळा दिसला की निम्मं बोलणं गेलं.

मोबाईल_गल्ली

सांगली जिल्ह्यात माझं ॲक्सेसरीजचं दुकान आहे. वरच्या ताईंनी टकटक करून बघायचं सांगितलं ते सोळा आणे. गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मी त्याला बिजागरी बघायला लावतो.

पट्टीत धातूची पिन आहे का प्लास्टिकचीच घडी आहे, ते बघायचं. प्लास्टिकची घडी पांढरी पडायला लागली की समजायचं तुटणार. चार-पाच वेळा उघडझाप करा. दुकानातच सैल वाटली तर घरी जाऊन ती घट्ट होत नसते. आर्मर कव्हर म्हणतात त्यात आत टीपीयू हे मऊ प्लास्टिक आणि बाहेर पॉलिकार्बोनेट हे कडक प्लास्टिक असतं. स्टँड त्या कडक भागात बसवलेला पाहिजे. मऊ कव्हरला नुसती चिकटवलेली रिंग उन्हात उभ्या गाडीत राहिली की डिंक सोडते. दीडशे-दोनशेच्या मालात हे हमखास. चुंबक, पिन, नीट बिजागरी असलेला चांगला माल हजाराच्या आसपास किंवा वर जातो.

कॅमेऱ्याच्या चौकटीचा स्टँड सध्या पोरं फार मागतात. दिसतो झकास, पाठ सपाट राहते. पण त्यात बहुतेक वेळा फोन आडवाच उभा राहतो, आणि चौकट उघडी असताना फोन पडला तर पातळ चौकट आधी जाते आणि लेन्स उघडी पडते. मी तो शिवणकामाच्या टेबलाला देणार नाही.

आता वायरलेस चार्जिंग. रिंगच्या खाली धातूची तबकडी असली तर ते विसरा. चार्जरच्या कॉइलमधून बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं, ते फोनमधल्या कॉइलला मिळायच्या जागी मधल्या धातूत जातं आणि धातू तापतो. फोन चार्ज होत नाही, नुसता गरम होतो.

चुंबकवाल्यांचं म्हणाल तर बहुतेक आयफोनमध्ये १२ पासून, म्हणजे २०२० पासून, पाठीत चुंबकाची गोल कडी आहे. मॅगसेफ म्हणतात ते हेच. २०२३ मध्ये क्यूआय२ हे वायरलेस चार्जिंगचं प्रमाण जाहीर झालं, त्यातही तशीच कडी आहे. पण बहुतेक अँड्रॉइड फोनांच्या आत चुंबक नसतो, कव्हरमध्ये कडी असली तरच स्टँड चिकटतो. गूगलच्या पिक्सेल १० मध्ये मात्र कंपनीनेच आत दिलाय. आयफोनवाल्यांनीही साधं जाड कव्हर घालून त्यावर चुंबकी स्टँड लावू नये, पकड निम्मी होते. कव्हरातही कडी पाहिजे.

जाईजुई

दादा, मग चुंबकवालंच घ्यावं का? माझा फोन अँड्रॉइड आहे, कव्हरात कडी असलेलं बघते.

कशिदा

जाईजुई, थांब गं! मी भरतकाम करते, माझ्याकडे चुंबकी कव्हर आहे. टेबलावर ठेवलं की टाचण्या आणि सुया पाठीला येऊन चिकटतात. कापडाखाली लपलेलीसुद्धा. एकदा फोन उचलून कानाला लावला आणि गालाला सुई टोचली. टाचण्या शोधायला बरं पडतं, नाही असं नाही. पण आता तो फोन कामाच्या खोलीत येत नाही.

तिथे माझा जुना, रिंगवाला फोन असतो, आणि तो टेबलावर ठेवतच नाही. भिंतीत खिळा आहे, डोळ्यांच्या उंचीला, त्याला रिंग अडकवते. मशीन कितीही थरथरो, भिंत हलत नाही. रिंग फोनच्या मध्याच्या वर असली की फोन सरळ लोंबतो, मध्यावर असली तर गरागरा फिरतो. फक्त खिळा डोक्याचा घे, गुळगुळीत नको.

जाईजुई

खिळा तर आहेच भिंतीला, कॅलेंडरचा. कॅलेंडर हलवते. पण बाईंना कापड दाखवताना कॅमेरा टेबलाकडे हवा, भिंतीवरून त्यांना फक्त मी दिसेन.

मोबाईल_गल्ली

मग अशी रिंग घ्या जी फिरतेही आणि उघडल्यावर कडक थांबते. खिळ्यालाही चालेल, टेबलावरही. धातूची तबकडी त्यात असणारच, म्हणजे चार्जिंग वायरनेच.

चार_तास

मी डायलिसिसवर आहे. एका बैठकीला साधारण चार तास लागतात आणि फिस्टुला असलेला, म्हणजे सुया टोचलेला हात हलवायचा नसतो. उरलेला हात मोकळा आहे म्हणून सुरुवातीला फोन धरून बघायचो. अर्ध्या तासात मनगट भरून येतं आणि फोन छातीवर पडतो.

माझी कसोटी एकच: स्टँड एका हाताच्या अंगठ्याने उघडतो का? दुकानात सगळे दोन हातांनी उघडून दाखवतात. कॅमेऱ्याच्या चौकटीला नखाने उचकटावं लागतं, एका हाताने ते करताना फोनच निसटतो. रिंग जमते. मधोमध दाबल्यावर उसळी घेणारी पट्टी सगळ्यांत सोपी. पलंगावरच्या सरकत्या टेबलावर फोन आडवा ठेवतो, कानात वायरचे इअरफोन, कारण बिनवायरचा एखादा पडला तर तो उचलायला मी वाकू शकत नाही. क्रिकेट असलं की शेजारच्या पलंगावरचे काका "जरा इकडे फिरवा" म्हणतात. आडवा फोन तिरका केला की दोघांनाही दिसतो.

घरी आल्यावर कव्हर काढून पुसतो. बिजागरीच्या खाचेत घाण फार साठते, तिथे जुना टूथब्रश.

माजघर

चुंबकाबद्दल एक गंभीर गोष्ट, आणि ती खोक्यावर फारशी ठळक नसते. आईला पेसमेकर आहे. बायपासच्या वेळी भेटलेल्या कुणीतरी प्रेमाने तिला चुंबकी स्टँडचं कव्हर भेट दिलं. ॲपलची स्वतःची सूचना आहे की मॅगसेफ असलेला फोन आणि त्याच्या वस्तू अशा उपकरणापासून १५ सेंटिमीटरपेक्षा लांब ठेवाव्यात, आणि बिनवायरने चार्ज होत असेल तर ३० सेंटिमीटरपेक्षा. आईची सवय फोन ब्लाउजच्या खिशात किंवा झोपताना छातीशी. डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही चुंबकवालं नको म्हणून सांगितलं. भेट परत केली नाही, कपाटात आहे.

तिला फ्लिप कव्हर दिलंय. सांधेदुखीमुळे रिंगमध्ये नख घालणं तिला जमत नाही, फ्लिपचं झाकण मागे दुमडणं जमतं. नातू मेलबर्नमध्ये आहे. आता त्याला आजी दिसते. आधी कपाळ आणि ट्यूबलाइट दिसायची.

रानवाटा

छोटी भर. चुंबकी कव्हर घालून डोंगरात जाणार असाल तर फोनमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतं आणि पाठीला चुंबक असला की उत्तर भलतीकडेच दाखवू शकतं. मी दिशा बघताना कव्हर काढतो.

घरपोच

जेवणाच्या डिलिव्हरीचं काम करतो. आमच्यातले काही जण रिंग हँडलच्या आरशाच्या दांड्याला रबराने बांधतात. करू नका. खड्ड्यात फोन गेला तर मागची गाडीच त्याच्यावरून जाते. आणि ॲपलने २०२१ मध्ये सांगितलंच आहे की मोठ्या इंजिनच्या मोटारसायकलच्या कंपनांनी कॅमेऱ्यातली चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. मी आवाज चालू ठेवून फोन खिशात टाकतो, वळण कानात ऐकू येतं.

एन८६

काय गंमत आहे बघा. २००९ च्या नोकिया एन८६ ला पाठीत टेकू होता, फोनातच. माझ्याकडे तो होता. २०१० च्या एचटीसी इव्हो ४जीलाही होता. कव्हर बिव्हर काही नको. मग फोन पातळ करायच्या नादात तो टेकू काढला, आणि आता आपण कव्हर घालून फोन पुन्हा जाड करतोय. प्रगती म्हणायची.

जाईजुई

एन८६, 😄 खरंय. मी फिरत्या रिंगवाल्या कव्हरवर येतेय. उंबरठा, तुमच्या आईंची पुस्तकांची युक्ती मात्र उचलते आहे, माझ्याकडे पुस्तकांऐवजी दोन जुने पॅटर्नचे गठ्ठे आहेत.

फलाटावरचा

उशिरा आलो, पण रेल्वेचं कोणी लिहिलं नाही म्हणून. पुणे-मुंबई येणंजाणं फार. चेअर कारमध्ये पुढच्या सीटच्या पाठीला जो खाली येणारा ट्रे असतो, तो सपाट नसतो. जुन्या डब्यांत तर आपल्याकडे उतरता असतो. एका पट्टीवर उभा फोन तिथे टिकत नाही, घाटात ब्रेक लागला की मांडीवर. फ्लिप कव्हरचं झाकण मागे दुमडून त्रिकोण केला तर मात्र बूड रुंद राहतं, फोन बसतो. ट्रे फारच उतरता असेल तर मी कव्हराच्या पुढच्या कडेला रुमालाची घडी लावतो. लोकलमध्ये यातलं काहीच चालत नाही, तिथे फोन खिशातच बरा, आणि खिसाही पुढचा.