प्रतिसाद: नुसतं दळून भागणार नाही

मक्याच्या धाटांपासून इथेनॉल करताना ती नुसती बारीक दळून थेट एन्झाइम (धाटांतल्या सेल्युलोज या तंतूंची साखर करणारं प्रथिन; त्या साखरेचं पुढे इथेनॉल होतं) घातलं तर काय बिघडतं, असं चर्चेत विचारलंय. अडतं ते लिग्निनपाशी, म्हणजे धाटाला ताठपणा देणाऱ्या चिवट घटकापाशी. ते सेल्युलोजला वेढून बसतं, शिवाय एन्झाइमही स्वतःला चिकटवून घेतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या संशोधकांनी त्यावर टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, एक सॉल्व्हंट म्हणजे विरघळवणारा द्रव), पाणी आणि थोडंसं सल्फ्युरिक आम्ल वापरलं. मला हा मार्ग फार आवडतो. लिग्निन विरघळून बाहेर पडतं. टीएचएफ ६६ अंशांनाच उकळतं, त्यामुळे ते उडवून परत मिळवता येतं आणि लिग्निनचा तपकिरी साका खाली बसतो. पण सॉल्व्हंट जवळजवळ सगळं परत मिळालं नाही, तर इथेनॉलच्या खर्चाचा हिशेब जुळायचा नाही. चर्चेत आलेली, गावोगावी अशी छोटी युनिटं टाकायची सूचना मात्र मला पटत नाही: टीएचएफ चटकन पेट घेतं, आणि हवा लागून साठलं तर त्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात.