मदत हवी आहे: फ्लॉरेन्समध्ये एकच दिवस, कसा बसवू? (तातडीचं)

आर्च_तिसरं_वर्ष
कॉलेजच्या ग्रूपबरोबर इटलीला चाललोय. फ्लॉरेन्सचा दिवस मोकळा सोडलाय, सर सोबत नाहीत. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा, उफिझी म्युझियम, डुओमो म्हणजे कॅथेड्रलचा घुमट, पोन्ते वेक्यो हा पूल आणि शेवटी पियात्झाले मायकेलअँजेलो या चौकातून सूर्यास्त. क्रम कसा लावू? स्टुडंट कार्ड आहे, म्हणजे म्युझियमची तिकिटं २ युरोतच पडतील ना? परवा निघतोय, लवकर सांगा. "गूगल कर" म्हणणाऱ्यांना आधीच नमस्कार.

आर्नोकाठी
वार कोणता? महिना? बस कुठे, किती वाजता सोडणार आणि कधी उचलणार? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस आणि क्रम विचारतोयस.

टणटणीत
फ्लॉरेन्स सोड, पिसा कर. लोकल गाडीने तासाभरात. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड.

आर्नोकाठी
त्याने पिसा विचारलेलंच नाही.

आर्च_तिसरं_वर्ष
सोमवार. मेचा शेवट. बस ९ वाजता सोडते, संध्याकाळी ५:३० ला तिथूनच उचलते. वाराने काय फरक पडतो?

आर्नोकाठी
सोमवारी उफिझी बंद आणि खरा डेव्हिड जिथे आहे ते अकादेमिया म्युझियमही बंद, म्हणजे तोही गेला. मेअखेर सूर्य साडेआठनंतर मावळतो, तुझी बस साडेपाचला. यादीत राहिले घुमट आणि पूल.

युरोझोन
दोन युरोचंही विसर. सरकारी म्युझियमची ती सवलत १८ ते २५ वयाच्या युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, विद्यार्थ्यांना नाही. भारतीय पासपोर्ट असेल तर पूर्ण तिकीट, कार्ड कुठलंही दाखव. उफिझी उघडी असती तरी २५ युरो आणि आगाऊ बुकिंगचे ४ वेगळे. ग्रूपमध्ये कुणी १८ च्या आतला असेल तर त्याला मात्र फुकट, देश कुठलाही असो.

बागबगीचा
मग बोबोली बाग कर ना. आर्किटेक्चरवाल्याला उत्तम, सोमवारी उघडी असते.

आर्नोकाठी
महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार बंद. हा शेवटचा सोमवार.

बागबगीचा
असो.

घुमटकर
मी म्हणेन सोमवार तुझ्या पथ्यावरच पडलाय. आर्किटेक्चरचा विद्यार्थी आणि घुमटाला यादीत तिसरा नंबर? वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये तो जमिनीपासून लाकडी साचा न उभारता चढवला. आत एक आणि बाहेर एक अशी दोन कवचं आहेत आणि जिना त्या दोहोंच्या मधून जातो. माशाच्या काट्यासारखी तिरपी-उभी रचलेली वीट वर चढताना जवळून दिसते. पुस्तकातला सेक्शन नीट बघून जा.
४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही, मध्ये परत फिरायला जागा नाही. ब्रुनेलेस्की पास ३० युरोचा, घुमटाची वेळ बुक करताना ठरते आणि नंतर बदलत नाही. प्रवेश कॅथेड्रलच्या उत्तर बाजूच्या दारातून, मुख्य दाराच्या रांगेत उभा राहू नकोस. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मोठी सॅक आत नेता येत नाही, ती बसमध्येच ठेव.
आजच साइट बघ. वेळा संपल्या असतील तर २० युरोचा जोत्तो पास घे, घंटाघर ४१४ पायऱ्यांचं. खरं सांगायचं तर फोटोसाठी घंटाघरच बरं, घुमटावर उभं राहून घुमट दिसत नाही.

आर्च_तिसरं_वर्ष
११ ची वेळ दिसतेय. घेऊ? बस कोस्टान्झा म्हणून कुठेतरी थांबते.

युरोझोन
हे आधी सांगायला हवं होतंस! व्हिला कोस्टान्झा म्हणजे हायवेलगतचा वाहनतळ, शहर तिथून लांब आहे. टी१ ट्राम पकड, सांता मारिया नोव्हेला स्टेशनला साधारण पंचवीस मिनिटं, उतरून डुओमो दहा मिनिटं चालत. ११ ची वेळ चालेल, १० ची घेऊ नकोस.
परतताना ट्रामवर "व्हिला कोस्टान्झा" लिहिलंय ना बघ. उलट्या दिशेची टी१ करेज्जी हॉस्पिटलला नेते. ४:४० पर्यंत थांब्यावर ये.

शाकाहारी_ससा
जेवणाचं कुणी बोलत नाहीये. पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विकर) असतं, "व्हेज पास्ता" मागितला तरी वरून तेच किसतात. पाप्पा अल पोमोदोरो माग, शिळा पाव, टोमॅटो, तुळशीच्या जातीतली बेझिल आणि तेल. लांप्रेदोत्तो म्हणजे गाईचं पोट.

टणटणीत
चीज खाणाऱ्या शाकाहाऱ्यांना एवढं घाबरवू नका. आणि तिथला पाव अळणीच असतो, वेटरशी भांडू नका.

कोल्हापुरी_रस्सा
टी१ वरच कासिने बागेचा थांबा लागतो. बागेच्या पार पश्चिम टोकाला आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे. १८७० मध्ये विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्येच निधन, वय वीस. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले.

बागबगीचा
शाहू महाराजांचे चिरंजीव ना?

कोल्हापुरी_रस्सा
नाही हो, ते राजाराम नंतरचे, १९४० मध्ये गेले. हे शाहू महाराजांच्याही आधीचे. छत्रीखालचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा, १८७४ चा. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे आपल्या नवीन राजवाड्याचेच वास्तुकार. शेजारच्या पुलाचं नावही "इंदियानो".

आर्नोकाठी
थांब्यापासून एका बाजूला पाऊण तास चाल आहे, जाऊन-येऊन दीड. १ वाजता घुमटावरून मोकळा झालास तर जमेल, पण मग पियात्झाले मायकेलअँजेलो नाही. दोन्ही बसत नाहीत.
डेव्हिडची प्रतिकृती पियात्झा देला सिन्योरिया चौकात आहे, मूळ जागी, फुकट. शेजारच्या लोज्जात (कमानींच्या उघड्या मंडपात) चेल्लीनीचा पर्सियसचा पुतळा, तोही खरा आणि फुकट. त्याच चौकातल्या पालाझ्झो वेक्यो या जुन्या राजवाड्याला लागून पिण्याच्या पाण्याचा नळ आहे, बाटली भरून घे.

प्लगपुराण
इटलीत सॉकेटला एका ओळीत तीन भोकं असतात. बारीक दोन पिनांचा चार्जर बसतो, जाड गोल पिनांचा बसेलच असं नाही.

आर्च_तिसरं_वर्ष
११ चं बुक केलं. दुपारी कासिने. फुलर आणि मँट यांपैकी नेमकं कुणी काय केलं हे सरांना दाखवायला कुठे कोरलेलं आहे का?

टणटणीत
अजूनही सांगतो, पिसा.