कडुनिंबाचा पाला घंटागाडीत टाकू नका

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० वाजता गेटजवळच्या कडुनिंबाची छाटणी. पालिकेची परवानगी आली आहे, तो विषय पुन्हा काढू नये. गाड्या रात्रीच हलवा.

सी-५०३: काका, पाला आणि बारीक फांद्या घंटागाडीत देऊ नका प्लीज. मला प्रोजेक्टला हव्यात. एम.एस्सी. मायक्रो.

ए-१०२: दातणापुरत्या काड्या आम्हाला ठेव म्हणजे झालं. कसला प्रोजेक्ट?

सी-५०३: एचआयव्ही असलेल्यांच्या तोंडातल्या जंतूंवर कडुनिंब, बाभूळ, लवंग यांचे अर्क चालतात का ते बघतेय.

बी-२०१: एचआयव्ही?? अगं, पार्किंगमध्ये मुलं खेळतात!

सी-५०३: काकू, इथे फक्त पाला वाळणार, गच्चीवर सावलीत. जंतू कॉलेजच्या लॅबमध्येच. आणि ते दात-हिरड्यांचे जंतू, एचआयव्ही नव्हे.

बी-२०१: पण थुंकी त्यांचीच ना?

ए-४०४: थुंकीतून एचआयव्ही पसरत नाही. एका ताटात जेवूनही नाही. मी नर्स म्हणून वॉर्डात जन्म काढलाय. रक्तातल्या सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, २०० च्या खाली गेल्या की जिभेवर पांढरा थर चढायचा, कॅन्डिडा बुरशीचा. हिरड्या सुजलेल्या, तोंड कोरडं. वरणभातसुद्धा झोंबायचा. एक बाई आठ दिवस नुसत्या ताकाच्या निवळीवर होत्या. पोरगी चांगल्या कामाला लागलीये, करू द्या.

सी-५०३: थँक्यू मावशी 🙏 या लोकांना इतर इन्फेक्शनसाठी अँटिबायोटिक्स बरीच घ्यावी लागतात. मग काही जंतू औषधाला दाद देईनासे होतात. म्हणून झाडपाला तपासायचा.

ए-१०२: तपासायचं काय त्यात? कडुनिंब जंतू मारतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

सी-५०३: तिथेच फसायला होतं काका. अर्क आम्ही अल्कोहोलमध्ये काढतो आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं! म्हणून आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर जंतू पसरून तीन भोकं पाडायची. एकात अर्क, एकात नुसतं द्रावक म्हणजे ते अल्कोहोल, एकात क्लोरहेक्झिडिन, डेंटिस्ट देतात ते माउथवॉश. रात्रभर ३७ अंशांवर ठेवायचं. सकाळी भोकाभोवती जंतू न वाढलेलं कडं दिसतं, ते पट्टीने मिमीमध्ये मोजायचं. मागच्या खेपेला बाभळीच्या सालीचं कडं झकास आलं म्हणून मी नाचले. बघते तर नुसत्या द्रावकाचंही जवळपास तेवढंच!

ए-१०२: आणि अर्काचं मोठं आलं तर? औषध तयार?

सी-५०३: कुठलं हो. तोंडात लाळ सारखी वाहते, जंतू दातांवर थर करून चिकटलेले असतात. प्लेटवर बिचारे उघड्यावर. शिवाय अर्काने तोंडाची त्वचा सोलली तर काय उपयोग?

डी-३०१: अनेकदा फॉरवर्ड केलेला: *कडुनिंबाचा रस ४० दिवस, एड्स मुळापासून बरा!!*

ए-४०४: दादा, हा आधी काढा. गोळ्या सोडून असल्या रसावर राहिलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. परत आले तेव्हा उशीर झालेला. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, सरकारी केंद्रात फुकट मिळते, ती रोज घ्यायची. आणि झाडपाला म्हणजे निर्धोक असंही नाही. सेंट जॉन्स वॉर्ट म्हणून एक विलायती वनस्पती आहे, तिच्याने एचआयव्हीच्या काही औषधांची रक्तातली पातळी घसरते. काढासुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

डी-३०१: हा मेसेज हटवला गेला.

डी-३०१: सॉरी. गावच्या ग्रुपवरून आला होता.

बी-२०१: हा मेसेज हटवला गेला.

ए-३०२: काकू, मी वाचला तो. २०१७ च्या कायद्याप्रमाणे कोणाला एचआयव्ही आहे हे त्याच्या संमतीशिवाय सांगता येत नाही. वकील म्हणून सांगतोय, शेजारी म्हणूनही.

बी-२०१: मी नाव कुठे घेतलं?

ए-३०२: विंग आणि मजला घेतलात.

सेक्रेटरी: विषय छाटणीचा आहे. पाला भरायला पोती कोण देणार?

ए-१०२: माझ्याकडे गव्हाची दोन रिकामी आहेत. सकाळी खाली ठेवतो.

सी-५०३: काका, त्यात बोरिक पावडर तर घातली नव्हती ना? नाहीतर कडं तिचंच यायचं.

ए-१०२: थांब, हिला विचारतो.