बिल्डरच्या इंजिनिअरचा रिपोर्ट: खोटी साक्ष म्हणायची का, आणि उलटतपासात काय विचारायचं?

कोपरखैरणे_सेक्रेटरी
सोसायटीचा दिवाणी दावा 2023 पासून बेलापूरला चालू आहे. विषय स्टिल्टच्या (इमारतीखालच्या पार्किंगच्या मजल्याच्या) बीमना गेलेले तडे आणि गळती. बिल्डरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरने सरतपासाच्या (स्वतःच्या बाजूच्या मूळ साक्षीच्या) प्रतिज्ञापत्रासोबत रिपोर्ट लावलाय: "काँक्रीट एम-20 ला उतरतं, सरासरी 22, गळती आढळली नाही." (एम-20 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन ताकदीचा ग्रेड.) पाहणी मे महिन्यात आणि टेस्ट फक्त रिबाउंड हॅमरची. हे गृहस्थ बिल्डरचे नेहमीचे कन्सल्टंट. त्यांच्यावर खोट्या साक्षीची केस टाकता येईल का? लायसन रद्द होईल का?

हातोडी_कोअर
आधी माणूस सोडा, आकडा धरा. रिबाउंड हॅमर ठोका किती उसळतो त्यावरून पृष्ठभागाचा कडकपणा मोजतो. त्यावरून काढलेल्या ताकदीची अचूकता आयएस 13311 भाग 2 या भारतीय मानकातच (2020 पासून त्याच्या जागी आयएस 516 भाग 5 आलं) उणेअधिक 25 टक्के धरली होती. म्हणजे त्यांचा 22 हा खरं तर 16.5 सुद्धा असू शकतो.

त्यात स्टिल्टचे बीम. तळाला खालून वर मारलेल्या ठोक्याचं रीडिंग गुरुत्वाकर्षणामुळे जास्त येतं, त्याची दुरुस्ती करावी लागते. ती केली का, रीडिंग शीटवर दिशा लिहिली आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा कार्बोनेशनचा, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या परिणामाचा. जुन्या काँक्रीटची वरची साल कडक होते आणि आकडा फुगतो. ताज्या फोडलेल्या भागावर फेनॉल्फ्थेलिन फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, कार्बोनेट झालेला थर रंगच धरत नाही. हे केल्याचा फोटो रिपोर्टमध्ये नसेल तर तेच विचारा.

आणि कच्ची शीट मागाच. प्रत्येक जागी अनेक ठोके आणि त्यांची सरासरी. शीटवर 24 जागा आणि रिपोर्टमध्ये 14, असं निघालं तर उरलेल्या 10 कुठे गेल्या? मेमध्ये गळती न दिसणं म्हणजे गळती नसणं नव्हे, यावर जास्त बोलायची गरज नाही.

खरा निकाल कोअरचा, म्हणजे बीममधून कापून काढून दाबून तपासलेल्या काँक्रीटच्या दंडगोल तुकड्याचा. आयएस 456 प्रमाणे किमान 3 कोअर, सरासरी ग्रेडच्या 85 टक्के, एकही 75 च्या खाली नको. एम-20 ला 17 आणि 15.

कोर्टनाका_ठाणे
वरचं सगळं कायद्यात बसतं. नवा कायदा 1 जुलै 2024 ला लागू झाला आणि दावा त्याआधीचा, म्हणून जुना पुरावा कायदाच लागेल: कलम 45 तज्ज्ञाच्या मताचं, 51 त्या मताच्या कारणांचं. (नव्या दाव्यांना नव्या भारतीय साक्ष अधिनियमाचं 39 आणि 45.) रमेशचंद्र अग्रवाल विरुद्ध रीजन्सी हॉस्पिटल या 2009 च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की तज्ज्ञाने निष्कर्षासोबत कारणं आणि सगळी सामग्री कोर्टापुढे ठेवायला हवी. म्हणून कच्ची शीट आणि हॅमरच्या कॅलिब्रेशनचा (तो बरोबर मोजतो याच्या तपासणीचा) कागद हजर करण्याचा अर्ज उलटतपासाआधीच द्या.

खोट्या साक्षीचं मात्र जपून. भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं) कलम 227 बघा: सही अमक्याची आहे असं प्रामाणिकपणे वाटून सांगितलं आणि ती त्याची नसली, तरी खोटी साक्ष होत नाही. पण मनात नसलेलं मत "माझं मत" म्हणून सांगणं हा गुन्हाच. चुकीचं मत आणि खोटं मत यांतला फरक इथे आहे. सिद्ध करायला सोपी असते ती मतामागची घटना: ते खरंच त्या तारखेला आले होते का? गेटचं रजिस्टर आणि सीसीटीव्ही जपून ठेवा. ते आलेच नव्हते असं निघालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम 379 खाली त्याच कोर्टात अर्ज. तक्रार कोर्ट करतं, तुम्ही थेट नाही. न्याय संहितेच्या कलम 229 प्रमाणे शिक्षा 7 वर्षांपर्यंत.

लायसनबद्दल: आर्किटेक्टला कौन्सिल आहे, इंजिनिअरला तशी वैधानिक परिषद नाही. महापालिकेकडे नोंदणी असेल तर नगररचना विभागात लेखी तक्रार, तीही निकालाची प्रत हातात आल्यावर.

कोपरखैरणे_सेक्रेटरी
म्हणजे बिल्डरकडून पैसे घेतो याला काही अर्थ नाही?

कोर्टनाका_ठाणे
फी घेणं गैर नाही, तुमचा तज्ज्ञही फुकट येणार नाही. विचारा ते एवढंच: बिल्डरची आणखी किती कामं चालू आहेत, रिपोर्टमध्ये ते का लिहिलं नाही, आणि फी निकालावर ठरली आहे का.

हातोडी_कोअर
तुमच्या बाजूच्या इंजिनिअरलाही सांगा, ज्या बीमना काही झालेलं नाही तेही रिपोर्टमध्ये लिहायचे. ते गाळले तर उलटतपासात तुमची तीच गत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 26 नियम 10-ए खाली कोर्टाकडून तपासणी मागणार असाल तर दोन्ही पक्षांना नोटीस, जुलैतली पाहणी आणि कोअर काढण्याआधी रीबार लोकेटर (आतल्या सळया शोधणारं यंत्र) फिरवणं, हे अर्जातच लिहून घ्या.